कॅमेरा मागच्या बाकावर

‘कोर्ट’ पाहून बाहेर पडणाऱ्याचं पहिलं मत बहुतेक ठरलेलं असतं : चांगला आहे, पण संथ आहे. दुसरं मत पायऱ्या उतरताना येतं : शेवटाचं काही कळलं नाही. तिसरं मत मात्र ज्याचं त्याचं निराळं. कुणी सरकारी वकीलबाईंबद्दल बोलतं, कुणी त्या विधवेबद्दल, कुणी न्यायाधीशांसमोर बसलेल्या टंकलेखकाबद्दल. हल्लीच आम्ही काही मित्रमंडळींनी चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट पुन्हा एकत्र बसून पाहिला आणि नंतर बराच वेळ बोलत बसलो. ते बोलणं ऐकताना मला पक्कं जाणवलं की या तिसऱ्या मतांसाठी दिग्दर्शकाने चित्रपटात जागा राखून ठेवली आहे. ‘कोर्ट’ एकट्याने पाहून पुरा होत नाही. त्याचा निम्मा रस चार जणांच्या बोलण्यातून हाती लागतो, आणि ते तसं का होतं हे चित्रपटाच्या घडणीतच दाखवता येतं.

गोष्ट थोडक्यात. नारायण कांबळे हे पासष्टीचे लोकशाहीर. मुंबईत राहतात, पोट भरण्यासाठी मुलांच्या शिकवण्या घेतात, वस्त्यांमधून कार्यक्रम करतात. एका कार्यक्रमात पोलीस येतात आणि त्यांना घेऊन जातात. आरोप असा की, सफाई कामगारांनी गटारात उतरून जीव द्यावा असं गाणं त्यांनी म्हटलं, आणि ते ऐकून वासुदेव पवार या कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. भारतीय दंड विधानाचं कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणं. मग सत्र न्यायालय, तारखा, साक्षी, जामीन, नव्या गुन्ह्यात पुन्हा अटक. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला ओरिझोंती विभागातला सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार आणि पदार्पणाचा ‘लायन ऑफ द फ्युचर’ मिळाला, मग राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ, आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. ताम्हाणे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. पुरस्कारांबद्दल एवढं पुरे. मला बोलायचं आहे ते कॅमेरा कुठे बसला आहे त्याबद्दल.

न्यायालयातल्या प्रसंगांत तो बहुतेक वेळा मागे बसलेला असतो. हलत नाही, पुढे सरकत नाही. साक्षीदार रडवेला झाला म्हणून त्याच्या चेहऱ्याजवळ जात नाही, वकिलाने बिनतोड मुद्दा मांडला म्हणून न्यायाधीशांच्या मुद्रेवर कट करत नाही. आपली तारीख निघायची वाट बघत मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला जेवढं दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं : वर न्यायाधीश, खाली टंकलेखक, समोरासमोर दोन वकील, कडेला साक्षीदार, मध्ये पाठमोरी डोकी. छायाचित्रणकार मृणाल देसाई यांनी ही मांडणी इतकी साधी ठेवली आहे की सुरुवातीला ती मांडणी आहे हेच ध्यानात येत नाही. आपल्या सवयीचा कोर्टपट आपलं बोट धरून चालतो. आता हिच्याकडे बघा, आता हा गडबडला, आता टाळी वाजवा. इथे बोट धरायला कुणी नाही. एका चौकटीत आठ-दहा माणसं आहेत आणि त्यांतल्या कुणाकडे बघायचं हे आपल्यावर सोडलेलं आहे. त्यामुळे एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर बसलेल्या आम्हा सगळ्यांनी वेगवेगळी माणसं पाहिली.

आमच्यातल्या एक मावशी न्यायालयात लघुलेखिका होत्या, आता निवृत्त आहेत. वासुदेव पवारच्या पत्नीची साक्ष संपल्यावर त्या म्हणाल्या, “खरं सांगू? मी त्या बाईकडे फारसं पाहिलंच नाही. साहेब कधी सांगताहेत आणि काय सांगताहेत, तिकडेच माझे कान होते. सवयच ती. शेवटी कागदावर येतं तेवढंच घडलं असं धरायचं असतं.” चित्रपट पूर्वी पाहिलेला असूनही मला हे कुणी सांगेपर्यंत नीट दिसलं नव्हतं. मी त्या बाईकडे बघत होतो. मावशींनी मला पुन्हा तो प्रसंग लावायला लावला, आणि या वेळी मी ऐकलं ते न्यायाधीशांकडे कान लावून.

ही साक्ष हा चित्रपटाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. शर्मिला पवार ही भूमिका उषा बने यांनी केली आहे. त्यांच्या बोलण्यात अभिनयाचा मागमूस नाही. आवाज वर जात नाही, हुंदका येत नाही, हात उंचावत नाहीत. विचारलं तेवढं उत्तर. त्या उत्तरांमधून एका माणसाचं कामाचं आयुष्य तुकड्या-तुकड्याने बाहेर येतं. नवरा दारू पिऊन कामावर जायचा, कारण आतला वास शुद्धीत सोसत नाही. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. अंगावर घालायला किंवा तोंडाला लावायला कसलं साधन नव्हतं. आत झुरळं दिसली तर हवा आहे असं समजायचं आणि उतरायचं. ही शेवटची गोष्ट ती इतर गोष्टींइतक्याच सपाट सुरात सांगते. पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या घशाशी काहीतरी येतं, पण चित्रपट थांबत नाही, कारण न्यायालय थांबत नाही. न्यायाधीश सदावर्ते ऐकलेल्याचा गोषवारा टंकलेखकाला सांगतात, कळफलक वाजतो, पुढचा प्रश्न येतो. तिच्या बोलण्यातला नवरा तिथल्या तिथे दोन-चार वाक्यांची नोंद होतो. प्रदीप जोशी यांनी रंगवलेले सदावर्ते या वेळी कठोर नसतात, बेपर्वाही नसतात. ते नीट ऐकतात आणि कामाला लागणारं तेवढं उचलतात. मावशी म्हणाल्या ते हेच.

आणि याच साक्षीत, कुणीही अधोरेखित न करता, खटल्याची खरी गाठ समोर येते. माणूस कसल्याही साधनाशिवाय गटारात का उतरवला गेला, हा प्रश्न इथे फक्त बचावाचा एक मुद्दा म्हणून येतो. मृत्यू अपघाती होता एवढं सिद्ध करायला तो उपयोगी पडतो, आणि तिथेच त्याचं काम संपतं. त्या प्रश्नामुळे कुणी आरोपी होत नाही. आपल्याकडे हाताने मैला साफ करवून घेण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला आहे. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी दहा लाख रुपये द्या असा आदेश दिला आहे. पुढे २०२३ साली ती रक्कम तीस लाख झाली. चित्रपटात यावर कुणी भाषण करत नाही. पिंजऱ्यात एक म्हातारा शाहीर उभा आहे, आणि जिथे दुसरं कुणी उभं असायला हवं होतं तिथे कुणीच नाही, हे आपल्याला त्या रुंद, न हलणाऱ्या चौकटीतून आपल्या डोळ्यांनी शोधून काढावं लागतं.

साक्षीनंतर बचावाचे वकील विनय वोरा तिला आपल्या गाडीतून सोडायला जातात. पैसे देऊ करतात. ती पैसे घेत नाही. काही काम असेल तर सांगा म्हणते. आमच्यातला कॉलेजात शिकणारा मुलगा या प्रसंगावर अडून बसला होता. “दादा, वकील चांगला माणूस आहे ना? मग मला त्याच्याकडे बघून एवढं अवघडल्यासारखं का होतंय?” प्रश्न अगदी नेमका होता. विनय वोरा खरोखर चांगला माणूस आहे. कांबळ्यांच्या एक लाखाच्या जामिनाची काळजी तोच करतो, आजारी अशिलासाठी तोच धावतो. पण तिला काय हवं असेल याचा विचार करताना त्याला आधी पाकीट सुचतं. चित्रपट यासाठी त्याला दोष देत नाही. एका गाडीत दोन माणसं शेजारी-शेजारी बसली आहेत आणि त्यांच्यात केवढं अंतर आहे, एवढंच दिसतं. ते अंतर एका दिवसाच्या सौजन्याने भरून निघणारं नाही, हे त्या मुलाला जाणवलं होतं. त्याला शब्द सापडत नव्हते, इतकंच.

आता संथपणाबद्दल. ‘कोर्ट’मधले बरेच शॉट मूळ गोष्ट सुरू होण्याआधी सुरू होतात आणि ती संपली तरी संपत नाहीत. कांबळ्यांचं प्रकरण पुकारण्याआधी आपण दुसऱ्यांची प्रकरणं ऐकतो. एक बाई बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून न्यायाधीश तिचं काम ऐकायला नकार देतात आणि तिला पुढची तारीख मिळते. तिचा आपल्या कथेशी काही संबंध नाही, ती पुन्हा दिसतही नाही. विनय वोरा एका सभेत मानवी हक्कांवर बोलत असतात, आणि ते बोलत असतानाच एक जण पंखा घेऊन येतो, ठेवतो, लावतो. भाषण चालू राहतं, आपलं लक्ष मात्र पंख्यात. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, हे सगळं कापलं असतं तर काहीच बिघडलं नसतं आणि चित्रपट वीस मिनिटांनी आटोपशीर झाला असता. मला हे अजिबात पटत नाही. ज्याने कधी न्यायालयात दिवस काढला आहे त्याला माहीत असतं, की तिथे आपलं प्रकरण ही दिवसातली एक नोंद असते. आपल्या आयुष्याचा प्रश्न आणि शेजारच्याचा भाड्याचा वाद एकाच आवाजात पुकारले जातात. ते वजन प्रेक्षकाच्या अंगावर आणायचं तर त्याला वाट बघायला लावणं भाग आहे. संकलक रिखव देसाई यांनी कात्री जिथे चालवली नाही, ती जागा या चित्रपटात फार महत्त्वाची आहे. कांबळ्यांची केस पुकारली जाते तेव्हा आपणही थोडे कंटाळलेले असतो, आणि त्या कंटाळ्यासकट आपण एका माणसाचा जामीन नाकारला जाताना बघतो. थरारक पार्श्वसंगीतावर तो नाकारला गेला असता तर आपण चिडलो असतो आणि मोकळे झालो असतो. इथे मोकळं होता येत नाही.

त्या संध्याकाळी सर्वांत जास्त वाद झाला तो सरकारी वकील नूतन यांच्यावरून, आणि खरं तर माझं सगळं प्रेम या व्यक्तिरेखेवर आहे. गीतांजली कुलकर्णी यांनी ती अशी काही उभी केली आहे की अभिनयाच्या शाळेत तिच्यावर एक पूर्ण तास घ्यावा. न्यायालयात ती कायदा वाचून दाखवते तो प्रसंग आठवा. १८७६ चा नाट्यप्रयोगांवरच्या नियंत्रणाचा कायदा, इंग्रजांनी नाटकवाल्यांना धाकात ठेवायला केलेला. ती त्यातली कलमं वाचत जाते, एकसुरात, स्वल्पविराम गिळत, श्वास संपेल तिथे थांबत. शब्दांच्या अर्थाकडे तिचं लक्ष नाही आणि ते असण्याची गरजही तिला वाटत नाही. वाचन हे कामाचा भाग म्हणून उरकायचं आहे. विनय वोरा हा कायदा किती जुनाट आहे ते सांगत राहतात, आणि नूतनच्या चेहऱ्यावर किंचितही खळबळ उमटत नाही. कायदा पुस्तकात आहे ना, मग आहे. चित्रपट आला तेव्हा तो खरोखरच पुस्तकात होता. केंद्राने तो २०१८ च्या सुरुवातीला रद्द केला.

मग कॅमेरा तिच्यामागे न्यायालयाबाहेर पडतो. लोकल गाडीत शेजारच्या बाईशी गप्पा. नवऱ्याच्या मधुमेहाचा विषय, ऑलिव्ह तेल चांगलं म्हणतात, पण परवडायला हवं. वाटेत मुलाला घेणं, घरी येऊन स्वयंपाकाला लागणं, बाकीची मंडळी टीव्हीसमोर. गीतांजली कुलकर्णी इथे काहीच वेगळं करत नाहीत, आणि तरी ही बाई आपल्याला पूर्ण दिसते. दमलेली, नीटनेटकी, संसाराचं गणित डोक्यात सतत चालू असलेली. मुंबईत नोकरी करणाऱ्या असंख्य बायकांपैकी एक. आमच्यातल्या एकीने तर तिथे, “अगं, ही तर आमच्या डब्यातली!” असं म्हटलं, आणि ते म्हणताना तिच्या आवाजात माया होती. हीच बाई नंतर सहकाऱ्यांबरोबर जेवताना अगदी सहज म्हणून जाते की रोज तेच तेच चेहरे बघायचे, त्यापेक्षा द्यावीत वीस वर्षं आणि संपवावं एकदाचं. वाक्य जेवणाच्या घासांमधून येतं. त्यात द्वेष नाही. कामाला आलेला कंटाळा आहे फक्त, आणि त्या कंटाळ्याच्या एका टोकाला एका माणसाची वीस वर्षं आहेत.

आमचा वकील मित्र इथे उखडला. “सरकारी वकिलाच्या बोर्डावर किती मॅटर असतात याची कल्पना आहे का तुम्हाला? कागद पोलीस आणतात, तेच घेऊन उभं राहायचं. तिला खलनायिका केलंय.” मला त्याच्या म्हणण्यातला पहिला भाग मान्य आहे, दुसरा नाही. तिला खलनायिका करायचं असतं तर दिग्दर्शकाने तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नसतं. तिच्या घरी जाऊन, तिच्या गाडीत बसून, तिची आणि आपली ओळख करून दिल्यावरच तिचं ते वाक्य ऐकवलं आहे. आणि म्हणून ते झोंबतं. परक्याच्या तोंडचं असतं तर झोंबलं नसतं.

रविवारी नूतनचं कुटुंब बाहेर जेवतं आणि मराठी नाटकाला जातं. नाटकातल्या मुलीने उत्तर भारतीय मुलाशी सूत जुळवलेलं, बापाचा संताप, परप्रांतीयांवर टोले, आणि प्रेक्षागृहात हशा आणि टाळ्या. कॅमेरा पुन्हा दूर, आपण पुन्हा मागे. हा प्रसंग मराठी प्रेक्षकाने मराठी प्रेक्षकांबरोबर बसून पाहण्यासारखा आहे. परदेशातल्या प्रेक्षकाला तिथे एका समाजाचा पूर्वग्रह दिसत असेल. आपल्याला आपलं नाट्यगृह दिसतं, रविवारची दुपार दिसते, शेजारच्या खुर्चीतला हसणारा काका दिसतो. आमच्या खोलीत तेव्हा कुणी हसलं नाही आणि कुणी काही बोललंही नाही. नाटकं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. अशा टाळ्या मी प्रत्यक्ष ऐकल्या आहेत, आणि त्या वाजवणारी माणसं घरी किती प्रेमळ असतात हेही मला माहीत आहे. ताम्हाणे यांनाही ते माहीत आहे, हे या प्रसंगातल्या माणसांकडे बघण्याच्या त्यांच्या रीतीवरून कळतं. शाहिराच्या गाण्यावर खटला चालतो आणि या नाटकावर टाळ्या पडतात, हे त्यांनी शेजारी-शेजारी ठेवलं आहे. ते जोडून बघायचं काम आपलं.

आणि तो शाहीर? नारायण कांबळ्यांची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने ते गेले. गाणी संभाजी भगत यांची, ज्यांची शाहिरी रस्त्यावर आणि वस्त्यांमध्ये घडलेली आहे. त्यामुळे पहिल्याच कार्यक्रमाच्या प्रसंगाला खऱ्या जलशाचा ताप आहे. साथीदार उभे राहतात ते ठाम, आवाज घोटीव नाही पण पल्लेदार, मागे कोरस, समोर बसलेली वस्ती. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्या लाल बावटा पथकापासून आंबेडकरी जलशांपर्यंतची सगळी परंपरा ज्याच्या कानात आहे, त्याला हा प्रसंग वेगळ्याने कळतो. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पाहिलेल्या आमच्या एका मैत्रिणीला तर तिथेच भरून आलं. शाहीर विलास घोगरे तिला आठवले. १९९७ साली रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं मारली गेली, त्या दुःखाने त्यांनी जीव दिला होता. गाणं म्हणणाऱ्याचं आयुष्य आणि वस्तीवरचे आघात एकमेकांत किती गुंतलेले असतात हे तिला माहीत होतं. म्हणून कांबळ्यांवरचा आरोप तिला आमच्यापेक्षा अधिक लागला.

तरी तिचीच एक तक्रार होती, आणि ती मला महत्त्वाची वाटते. ज्याच्यावर खटला आहे त्याच्या घरी आपण फार थोडे जातो. वकिलांचं चीज आणि वाइन दिसते, नूतनची भाजी दिसते, न्यायाधीशांची सुट्टी दिसते. कांबळे मात्र एकदा का पिंजऱ्यात गेले की बहुतेक पिंजऱ्यातच दिसतात. मधल्या काळात ते तुरुंगात काय करतात, काय खातात, रात्री झोप लागते का, काही नाही. दिग्दर्शकाने जाणूनबुजून तसं केलं आहे हे उघड आहे. व्यवस्थेला ते जेवढे दिसतात तेवढेच आपल्याला दाखवायचे. तर्क पटतो. पण त्यामुळे वीरा साथीदारांसारखा माणूस हाताशी असून त्यांच्या वाट्याला आणखी थोडा पडदा आला नाही, याची हळहळ मलाही आहे. दुसरी एक जागा मला थेट कच्ची वाटते. विनय वोरा न्यायालयात एका बंदी घातलेल्या पुस्तकाचा दाखला देतात, त्यातल्या उल्लेखाने एका पंथाचे लोक दुखावतात आणि कुटुंबासोबत जेवून बाहेर पडताना वोरांच्या तोंडाला काळं फासतात. अशा घटना आपल्याकडे घडतात, प्रश्न तो नाही. पण बाकीचा चित्रपट जिथे कारण आणि परिणाम यांच्यात भरपूर मोकळी जागा सोडतो, तिथे हा एकच प्रसंग मुद्दा सिद्ध करायला आल्यासारखा येतो. पोलिसांच्या बाजूने साक्ष द्यायला आलेला माणूस त्याच तपास अधिकाऱ्याच्या इतर खटल्यांतही साक्षीदार असल्याचं उलटतपासात निघतं, तो प्रसंग याच्या कितीतरी वर आहे. तिथे कुणी दचकत नाही, न्यायाधीशही नाहीत.

आता शेवट, ज्याच्यावरून नेहमी भांडण होतं. जामिनावर सुटलेल्या कांबळ्यांना छापखान्यातून पुन्हा उचलतात, या वेळी यूएपीए या बेकायदा कृत्यांविरोधी कायद्याखाली. विनय वोरा जामीन मागतात. सुट्टी लागणार आहे, उच्च न्यायालयात जा, असं सांगितलं जातं. न्यायालय उठतं, माणसं बाहेर पडतात, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळा होतो. तो बराच वेळ काळा राहतो. पहिल्यांदा पाहणारा इथे उठून चप्पल शोधायला लागतो. आणि मग उजाडतं, बस लागते, सदावर्ते नातलगांबरोबर सहलीला निघतात. अंताक्षरी, कुणाच्या मुलाच्या पॅकेजची चर्चा, पोहण्याचा तलाव. एका नातलगाचा मुलगा बोलत नाही, त्यावर सदावर्ते अंकशास्त्राचा आणि खड्याच्या अंगठीचा उपाय सुचवतात. दुपारी बाकावर डुलकी लागते, मुलं मिळून कानाशी ओरडतात, सदावर्ते दचकून उठतात आणि हाताला लागलेल्या पोराला थोबाडीत देतात.

काळ्या पडद्यावर चित्रपट संपला असता तर तो अधिक देखणा झाला असता, असं आमच्यापैकी निम्म्यांचं मत. देखणा झाला असता, कबूल. पण मग आपण अंधाराची एक सुंदर प्रतिमा घेऊन घरी गेलो असतो, आणि न्यायव्यवस्था म्हणजे एक मोठी, काळोखी, निनावी इमारत एवढंच मनात राहिलं असतं. ताम्हाणे तिथे थांबत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती इमारत माणसांची बनलेली आहे. एका महिन्याची सुट्टी ही न्यायाधीशांसाठी सहल आहे आणि कांबळ्यांसाठी कोठडीतला आणखी एक महिना. हे दोन्ही महिने कॅलेंडरवर एकच आहेत, आणि त्यांतला एकच आपल्याला दाखवला जातो. शिवाय ती अंगठी. दिवसभर ‘पुरावा काय’ असं विचारणारा माणूस घरच्या मुलासाठी कुठला उपाय पुरेसा मानतो, हे कळल्याशिवाय त्याचे न्यायालयातले निर्णय नीट कळत नाहीत. आणि ती थोबाडीत. संपूर्ण चित्रपटात सदावर्ते एवढ्या तत्परतेने दुसरा कुठलाही निवाडा करत नाहीत. कोण ओरडलं याची चौकशी नाही, जवळ सापडला तो दोषी. मी हे म्हटल्यावर आमच्या वकील मित्राने मान हलवली आणि म्हणाला, “ते मूल आहे रे, आणि तो झोपेतून उठलाय. तू त्यात फार वाचतोयस.” मावशी म्हणाल्या, “वाचू दे त्याला. नारायण कांबळेसुद्धा जवळच सापडले होते.”

त्यावर वकील मित्राचं उत्तर तयार होतं आणि ते मला पटलं नाही. माझं त्याला पटलं नाही. पुढच्या बैठकीला ताम्हाणे यांचा दुसरा चित्रपट, ‘द डिसायपल’, लावायचा असं ठरलं आहे. २०२० साली व्हेनिसला त्याला सर्वोत्तम पटकथेचा पुरस्कार मिळाला. त्यातला कॅमेराही बराचसा असाच लांब बसतो, पण तिथे समोर न्यायालय नसून शास्त्रीय संगीताची मैफल आहे, आणि आमच्यात तंबोरा लावता येणारी दोन माणसं आहेत. त्यांना काय ऐकू येतं ते मला विचारायचं आहे.